थोरलीची सावली, धाकटीची लेखणी

मराठीत आत्मचरित्रांची वाण नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'पासून सुनीताबाई देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी'पर्यंत पतिपत्नींच्या सहजीवनावर आपल्याकडे कसदार लिहिले गेले. आईवर लिहिले गेले, बापावर लिहिले गेले, गावावर आणि जातीवर तर पोटतिडकीने लिहिले गेले. या साऱ्या लेखनात भावंड मात्र कडेला उभे असते. ते एखाद्या प्रकरणात येते, लग्न होऊन जाते किंवा मरून जाते, आणि लेखक पुढे चालू लागतो. वास्तविक, आईबापांचा मृत्यू ज्याच्याशी आपण वाटून घेतो ते माणूस भावंडच असते. बायकोने सासरा पाहिलेला असतो, मुलांनी आजोबा पाहिलेले असतात. 'आपले वडील' म्हणून त्यांना ओळखणारे आपल्या भावंडांखेरीज जगात दुसरे कोणी नसते.

म्हणून मीना मंगेशकर-खडीकर यांचे 'मोठी तिची सावली' हे २०१८ साली आलेले पुस्तक आम्हांला महत्त्वाचे वाटते. लता मंगेशकरांवर पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांतली बहुतेक गाणे ऐकणाऱ्यांनी लिहिली. हे पुस्तक मागच्या खोलीत झोपणाऱ्या बहिणीने लिहिले आहे. त्याची चर्चा झाली ती बहुधा लताबाईंविषयी नवे काय कळते, या अंगाने. आम्हांला ते वेगळ्या अंगाने वाचावेसे वाटते. बाप गमावलेली पाच भावंडे गावोगाव फिरत मुंबईत कशी आली आणि त्या वाटेची आठवण कोणी कशी जपली, हा आमच्या वाचनाचा विषय आहे.

प्रथम पुस्तकाच्या नावाकडे पाहू. 'मोठी तिची सावली' हे दोन तऱ्हांनी वाचता येते. तिची सावली मोठी आहे, हा सरळ अर्थ. पण मराठी घरात 'मोठी' म्हणजे थोरली बहीणही. 'मोठी कुठं गेली?' असे आई विचारते तेव्हा ती कीर्तीविषयी बोलत नसते. या दुसऱ्या अर्थाने वाचले की नावात एक घर उभे राहते. सावली हा शब्दही दुहेरी आहे. सावली ऊन अडवते, तशी ती उजेडही अडवते. लेखिकेने पहिला अर्थ मनापासून स्वीकारला आहे. दुसऱ्याकडे आम्ही पुढे येऊ.

मा. दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात वारले. तेव्हा थोरल्या लताला तेरावे चालू होते. मीना दहा वर्षांची, आशा आठ, उषा सहा आणि हृदयनाथ चार वर्षांचा. बळवंत संगीत मंडळी ही एके काळची वैभवाची नाटक कंपनी केव्हाच बुडाली होती. चित्रपटाच्या धंद्यातही खोट आली होती. सांगलीचे मोठे घर सुटून कुटुंब पुण्यात आले होते आणि पुण्यात कर्ता पुरुष गेला. मास्टर विनायकांनी हात दिला. 'पहिली मंगळागौर' हा चित्रपट त्याच वर्षीचा. त्यांच्या 'प्रफुल्ल पिक्चर्स'बरोबर बिऱ्हाड कोल्हापूरला गेले आणि १९४५ साली कंपनी मुंबईला आली तसे तेही मुंबईला आले. गिरगावच्या उत्तर टोकाला, नाना चौकात, लहानशा जागेत हे घर मांडले गेले. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९४७ मध्ये, विनायकरावही गेले. पाच वर्षांत दुसऱ्यांदा घराचे छप्पर उडाले.

सांगली, पुणे, कोल्हापूर, मुंबई हा क्रम चरित्रग्रंथांत दोन ओळींत संपतो. भावंडांच्या आठवणीत तो तसा संपत नाही. प्रवास म्हटला की आपल्याला सहल आठवते, यात्रा आठवते. घर सुटल्यामुळे करावा लागणारा प्रवास निराळा असतो. त्यात माणसे निवडीने बरोबर नसतात, दुसरे कोणी उरलेले नसते म्हणून बरोबर असतात. प्रत्येक मुक्कामात शेजारी बदलतात, शाळा बदलतात, बोली बदलते. न बदलणारी गोष्ट एकच, शेजारच्या अंथरुणावरचे भावंड. आमचे निरीक्षण असे की या पाचांमधला बांधा घरात घडला त्याहून अधिक या सामानाच्या बांधाबांधीत घडला. गाव मागे पडले की त्या गावातल्या घराचे साक्षीदार म्हणून हीच पाच माणसे राहत. सांगलीच्या घरात वडील तंबोरा घेऊन कुठे बसत, हे कोल्हापुरात कोणाला विचारणार? एकमेकांनाच.

नाटक कंपनीच्या मुलांना फिरतीची सवय होतीच. लताबाईंचा जन्म इंदूरचा, आशाबाईंचा सांगलीचा. बाप हयात असताना फिरणे हा धंद्याचा भाग होता. बाप गेल्यावर फिरणे हा पोटाचा भाग झाला. रस्ता तोच, पण त्यावर पुढे चालणारे माणूस बदलले. आता पुढे बारा-तेरा वर्षांची मुलगी होती.

या मुलीने स्वतः आपली हकीकत सांगितली आहे. नसरीन मुन्नी कबीर यांनी घेतलेल्या दीर्घ मुलाखतींचे पुस्तक २००९ साली इंग्रजीत आले. ते आणि मीनाताईंचे पुस्तक शेजारी ठेवून वाचावे, अशी आमची वाचकांना शिफारस आहे. थोरली जेव्हा त्या दिवसांविषयी बोलते तेव्हा कामाचे बोलते. कोणत्या कंपनीत नोकरी लागली, कोणत्या गाण्यासाठी कुठे जावे लागले, कोणी काय शिकवले. तिच्या आठवणीत वेळापत्रक आहे. धाकटी बोलते तेव्हा त्या वेळापत्रकाची दुसरी बाजू दिसते. बहीण सकाळी बाहेर पडते, रात्री येते, आणि मधला सगळा वेळ घर तिची वाट पाहते. कमावणाऱ्याला आपण काय केले ते आठवते. ज्यांच्यासाठी कमावले त्यांना आपल्याला काय मिळाले आणि काय मिळायचे राहिले, ते आठवते. एका घराचा इतिहास लिहायचा तर दोन्ही साक्षी लागतात, आणि मराठीत दुसरी साक्ष सहसा नोंदली जात नाही.

तान्ह्या आशाला काखेत घेऊन लता सांगलीच्या शाळेत गेली, मास्तरांनी हरकत घेतली आणि तिची शाळा कायमची सुटली, ही आठवण अनेकदा सांगितली गेली आहे. ती बहुधा स्वाभिमानाची गोष्ट म्हणून सांगतात. आम्हांला त्यात भावंडांचा पहिला प्रवास दिसतो. घरापासून शाळेपर्यंतचा. एकीच्या कडेवर दुसरी. तो प्रवास अर्ध्यातून परतला आणि त्याची किंमत थोरलीने चुकवली. वडील तेव्हा हयात होते. म्हणजे थोरलेपण हे वडिलांच्या मृत्यूने तिच्यावर कोसळले असे नाही, ते आधीपासून तिच्या कडेवर बसलेले होते.

मुंबईतल्या पहिल्या वर्षांकडे आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण इथे ही कहाणी आपल्या मोहल्ल्यांतून जाते. नाना चौकातून ग्रँट रोडचा पूल उतरले की पिला हाऊस, आणि तिथून पुढे भेंडीबाजार. पायी अर्ध्या तासाचे अंतर. या भेंडीबाजाराने एका गायकी घराण्याला नाव दिले. त्या घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ हे मुंबईतले लताबाईंचे गुरू. ज्या वयात वडिलांनी पुढची तालीम द्यायची त्या वयात ती अमान अलींनी दिली. पुढे गुलाम हैदरांनी, इतरांना पातळ वाटणाऱ्या या आवाजावर पैज लावली. 'मजबूर'मधल्या गाण्याची चाल त्यांनी गोरेगाव स्टेशनात सिगारेटच्या डब्यावर ठेका धरून ऐकवली, ही हकीकत लताबाई पुढे सांगत असत. लोकलच्याच एका प्रवासात अनिल विश्वासांनी दिलीपकुमारांशी ओळख करून दिली आणि मराठी मुलींच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो, अशा अर्थाचे ते काही बोलले. मुलगी दुखावली आणि एका मौलानांकडून उर्दू शिकू लागली. पुढे ती दिलीपकुमारांना राखी बांधणारी बहीण झाली.

या हकीकती आपल्याकडे 'गंगाजमनी' या एका शब्दाखाली गुंडाळून टाकण्याची सवय आहे. त्या शब्दाने सभेत टाळ्या मिळतात, पण समज वाढत नाही. नीट पाहिले तर इथे काय घडले? एका बापाविना घराच्या थोरल्या मुलीला बापाची कामे वेगवेगळ्या माणसांनी वाटून दिली. एकाने तालीम दिली, एकाने पहिली मोठी संधी दिली, एकाने उच्चारावर टोकले, एकाने अलिफ-बे शिकवले. हे सारे मुसलमान होते हा योगायोग नव्हता. त्या काळच्या मुंबईत गाण्याचा आणि सिनेमाचा कारभार ज्या माणसांच्या हातात होता त्यांतली ती माणसे होती. ती आपले काम करत होती. त्यांना त्यात काही विशेष वाटले नसेल, आणि मोल आहे ते त्या न वाटण्याचेच. फाळणीच्या त्या दोन-चार वर्षांत घराबाहेर काय चालले होते ते ध्यानात घेतले म्हणजे हे साधे व्यवहारही किती मोठे होते ते कळते. गुलाम हैदर पुढे लाहोरला परतले आणि १९५३ साली तिथेच वारले. अमान अलीही त्याच वर्षी गेले. पोरकेपणाचे हप्ते असे पुन्हा पुन्हा भरावे लागले.

या भावंडांच्या शोकाला वाट कुठे मिळाली, असा प्रश्न आम्ही पुस्तक वाचताना स्वतःला विचारत होतो. उत्तर पुस्तकाबाहेर सापडले. मेहबूब खान यांच्या १९५७ च्या 'मदर इंडिया'त नवरा परागंदा झालेली राधा आपल्या लहान मुलांना घेऊन शेतात राबते, त्या प्रसंगाचे एक गाणे आहे. शब्द शकील बदायुनींचे, संगीत नौशादांचे. आई आणि मुले मिळून जगण्याचा धडा गिरवतात असे ते गाणे. ते लता, मीना आणि उषा या तिघी बहिणींनी मिळून गायले आहे. गाणे सर्वांच्या कानांत आहे. ते कोणी गायले याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. आता ध्यानात घ्या. बाप नसलेल्या घराचे गाणे, बाप नसलेल्या तीन बहिणी गात आहेत. आईचा आवाज थोरलीचा आहे, मुलांचे आवाज धाकट्यांचे. पंधरा वर्षांपूर्वी पुण्यात ज्या भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या त्याच त्यांनी ध्वनिमुद्रकापुढे उभे राहून पुन्हा वठवल्या. नौशादांनी हे जाणून केले की नाही, हे सांगता येणार नाही. त्यांना तीन जुळणारे आवाज हवे असतील. पण ऐकणाऱ्याला हे कळल्यावर ते गाणे पहिल्यासारखे ऐकू येत नाही. नांगर ओढणाऱ्या बाईच्या मागे नाना चौकातली खोली दिसू लागते.

मीनाताईंच्या पुस्तकाचे मर्म आम्हांला या गाण्यामुळे उमगले. धाकट्या आवाजाने थोरल्या आवाजाला झाकायचे नसते, त्याला धरून राहायचे असते. संगत करणाऱ्याची ही शिस्त आहे आणि हे पुस्तक त्याच शिस्तीने लिहिले गेले आहे. मीनाताई स्वतः संगीतकार. 'सांग सांग भोलानाथ'सारखी मुलांची गाणी त्यांची. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या त्या गाण्यांवर वाढल्या, आपल्या घरांतली मुलेही वाढली. हे लहान काम नाही. तरी पुस्तकाच्या नावात त्यांनी स्वतःला जागा ठेवली नाही. 'माझी' नाही, 'तिची'.

इथे आमचा आक्षेपही नोंदवला पाहिजे. सावलीत बसून लिहिणाऱ्याला उन्हाचे वर्णन जमत नाही. लेखिकेचा हेतू कृतज्ञतेचा आहे, चिकित्सेचा नाही. त्यामुळे त्यागाची बाजू लख्ख दिसते आणि त्यागाने घरात येणारा ताण अंधुक राहतो. आशाबाईंनी १९४९ साली, सोळाव्या वर्षी, घरच्यांच्या मनाविरुद्ध गणपतराव भोसल्यांशी लग्न केले आणि काही काळ घराशी संबंध तुटले, हे सर्वज्ञात आहे. एका कमावत्या मुलीवर चाललेल्या घरातून दुसरी कमावती होऊ शकणारी मुलगी निघून जाते, याला प्रेमविवाहाच्या पलीकडे एक अर्थ आहे. त्या अर्थाला सामोरे जाणारे लेखन एका बहिणीकडूनच होऊ शकले असते. मधल्या काळात बाहेरच्यांनी ती जागा आपल्या कल्पनेने भरली. सई परांजपे यांचा 'साज़' हा चित्रपट दोन गायिका बहिणींच्या चुरशीवर उभा आहे आणि तो या घरावरून बेतला असल्याचे बोलले गेले. त्यातही बाप जातो, मुली मुंबईला येतात. पण त्यात बहिणींना जोडते ती स्पर्धा आणि तोडते तीही स्पर्धा. प्रत्यक्षातले घर याहून गुंतागुंतीचे असावे. पेडर रोडच्या 'प्रभुकुंज'मध्ये ही भावंडे पुढे शेजारी शेजारी राहिली. भांडलेली माणसे दाराला दार लावून राहतात तेव्हा चूरस आणि माया यांपैकी एकच शब्द पुरत नाही. 'साज़'ने एक शब्द निवडला, मीनाताईंनी दुसरा. दोन्हींच्या मधली गोष्ट अजून लिहायची आहे.

दर २४ एप्रिलला दीनानाथांची पुण्यतिथी साजरी करण्याचा या भावंडांचा परिपाठ पुढे सार्वजनिक समारंभ झाला. खासगी दुःखाला तारीख आणि व्यासपीठ मिळाले म्हणजे ते टिकते, पण थोडे बदलतेही. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई गेल्या. त्याच वर्षीच्या २४ एप्रिलपासून त्यांच्या नावाचाही पुरस्कार सुरू झाला. बापाच्या दिवशी लेकीची आठवण. चार वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा काळ एका क्षणात बदलला. जिवंत बहिणीविषयीची कृतज्ञता आता मृत बहिणीची साक्ष झाली.

त्या संध्याकाळी दादरच्या शिवाजी पार्कवर जे घडले ते आपण कोणी विसरलेलो नाही. शाहरुख खान यांनी दोन्ही हात उचलून दुआ मागितली आणि मास्क खाली करून फुंकर घातली. काहींनी तिला थुंकणे म्हटले. ज्या घरात आजारी लेकराच्या अंगावर दम करतात त्या घरातल्या कोणालाही ती फुंकर काय आहे हे सांगावे लागत नाही. नाना चौकापासून भेंडीबाजारापर्यंतची ती अर्ध्या तासाची वाट पंचाहत्तर वर्षांत किती लांबली, हे त्या एका शब्दाने दाखवले. म्हणून अशा घरांच्या आठवणी तपशिलाने लिहिल्या गेल्या पाहिजेत असा आमचा आग्रह आहे. अमान अलींचे नाव, मौलानांची शिकवणी, नौशादांचे गाणे हे तपशील भावंडांच्या आठवणीत असतात. ते तिथून निसटले की अफवेला जागा मिळते.

आता आपल्याकडे वळू. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण पुष्कळ लिहिले. तलाक, दंगल, दारिद्र्य, ओळख या विषयांवर लिहिणे भागच होते. पण आपल्या लेखनातले माणूस बहुधा समाजासमोर उभे असते, भावंडांत बसलेले क्वचित दिसते. शाहीर अमर शेख १९६९ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. गिरणगावाने डोक्यावर घेतलेला हा माणूस फिरतीतच संपला. त्यांच्या कन्या मलिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'मध्ये ते घर दिसते. पण त्या पुस्तकाची झुंज संसाराशी आहे, वाचकांनीही ते तसेच वाचले. पोरक्या झालेल्या मुलीचे पुस्तक म्हणून ते पुन्हा वाचायला हवे.

आणि न लिहिल्या गेलेल्या थोरल्यांचे काय? १९८२ चा संप बुडाला तेव्हा परळ-लालबागपासून मदनपुऱ्यापर्यंत किती घरांत आपा शिलाईच्या मशीनवर बसली, धाकट्यांच्या फिया भरल्या आणि स्वतःच्या निकाहाची बोलणी पुढे ढकलली. १९९२-९३ नंतर किती भावंडे एका खोलीतून उठून मुंब्र्याला, मिरा रोडला विखुरली. आता ती ईदला आणि मय्यतीला भेटतात. आपल्याकडे बायका बहुधा कब्रस्तानात जात नाहीत. त्यामुळे लेकींची बापाशी भेट होते ती चाळिसाव्याच्या जेवणानंतर, भांडी आवरताना, एकमेकींशी बोलण्यात. 'अब्बा असं म्हणायचे' या वाक्याने सुरू होणारे हे बोलणे आपले अलिखित वाङ्मय आहे. ते बोलणारी शेवटची पिढी म्हातारी होत आहे.

'मोठी तिची सावली' हे थोर पुस्तक आहे असा आमचा दावा नाही. त्याची मर्यादा आम्ही सांगितली आहे. पण एका धाकटीने लेखणी उचलली आणि थोरलीच्या कीर्तीपेक्षा तिच्या थोरलेपणाची नोंद केली, हे त्याचे काम मराठीत फार थोड्यांनी केले आहे. लताबाईंना लिहिणारे मिळालेच असते. आपल्या आपाला तिच्या धाकट्यांशिवाय कोणी नाही. तेव्हा ज्यांच्या फिया तिने भरल्या त्यांनीच लिहायला बसावे, आणि लिहिताना तिचा त्याग मांडावा तसा तिचा रागही मांडावा, एवढीच आमची सूचना.